मोल्डी, मस्टी आणि आमचे शेंगदाणे

परवा लेकीनं स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "आई, मोल्डी म्हणजे काय गं?" "बुरशी आलेलं," पोळी उलटता उलटता मी सांगून मोकळी झाले. "मग मस्टी?" आता आली का पंचाईत! बी.ए. होऊनही शब्दकोश काढावा लागला. मोल्डी म्हणजे ज्यावर बुरशी आलीय ते. मस्टी म्हणजे कुबट वासाचं. पावसाळ्यात ट्रंक उघडली की येतो ना, तो वास. इंग्लंडात मोल्डीच्या स्पेलिंगमध्ये 'यू' घालतात, अमेरिकेत गाळतात. आणि गंमत म्हणजे जुनाट, टाकाऊ गोष्टीलाही मोल्डी म्हणतात. आपण 'बुरसटलेले विचार' म्हणतो ना, तसंच!

दोनच दिवसांत हा धडा कामी आला. आमच्या बचत गटाकडे वस्तीतल्या बालवाडीची चिक्कीची ऑर्डर होती. अर्धं पोतं शेंगदाणे ओल आलेल्या भिंतीला टेकून ठेवलेले. तोंड सोडलं आणि भपकन कुबट वास! वरून दाणे चांगले दिसत होते, हात खाली घातला तर हिरवट-पिवळी पूड.

"ताई, भाजले की वास जातो. वरचे निवडून घेऊ," गटातल्या मावशी म्हणाल्या. खरं सांगू? ब्रेडवरचा हिरवा ठिपका खरवडून मीही उरलेला भाजून खाल्लाय.

पण वाचलेलं आठवलं. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. ते यकृतावर घाला घालतं आणि भाजूनही पुरतं जात नाही. १९७४ मध्ये तर आपल्या शेजारी, राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. घरात तोच होता, तोच खाल्ला.

मावशी गप्प झाल्या. त्यात त्यांचे पैसे माझ्यापेक्षा जास्त होते.

"मग म्हशीला तरी घालते."

"नको मावशी, ते दुधात उतरतं."

शेवटी मागच्या अंगणात खड्डा खणून त्यांनीच पोतं उपडं केलं. माझ्याकडे बघितलं नाही. नवे दाणे उधारीवर आणले, चिक्की दोन दिवस उशिरा गेली. दुकानात मात्र मावशींनी आधी मूठभर दाणे नाकाशी धरले, मगच तराजूत घालू दिले.