जुन्या गाड्या आणि त्यांचे सुटे भाग

जुने यंत्र बंद पडते ते बहुधा झिजल्यामुळे नव्हे, तर झिजलेल्या भागाच्या जागी बसवावयास दुसरा भाग मिळत नाही म्हणून. डोंगराळ व कच्च्या वाटांवर धावणाऱ्या जुन्या मोटारींच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. त्यांच्या सुट्या भागाची किंमत गाडीच्या वयावर तितकीशी अवलंबून नसते. त्याच घराण्यातील किती गाड्या आपल्या देशात बनल्या, यावर ती अधिक अवलंबून असते.

जीपचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलिस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. एका मोडक्या गाडीचा भाग दुसरीला बसावा, म्हणून दोन्ही कारखान्यांना एकच नमुना ठरवून दिलेला होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने मुंबईत या गाड्या जोडण्यास आरंभ केला. पुढे त्यांचे भागही भारतात बनू लागले व त्याच घराण्यातील वाहने कित्येक दशके निघत राहिली. साहजिकच जुन्या जीपची क्लचप्लेट किंवा कमानपाटा मिळविणे फारसे अवघड झाले नाही.

लँड रोव्हरची कथा वेगळी आहे. ही ब्रिटिश गाडी १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. युद्धोत्तर काळात पोलाद दुर्मिळ असल्याने तिचे बाह्यांग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. ते गंजत नाही. दार्जिलिंग जिल्ह्यात चहामळ्यांच्या इंग्रज व्यवस्थापकांनी आणलेल्या अशा गाड्या पुढे स्थानिक चालकांकडे आल्या. मानेभंज्यांगपासून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूपर्यंतच्या दगडगोट्यांच्या चढणीवर त्यांनी अनेक दशके प्रवासी व शिधा वाहून नेला.

या गाडीचे भाग ब्रिटनमध्ये आजही नव्याने बनतात. परंतु मूळ किमतीत जहाजाचे भाडे, सीमाशुल्क व कर यांची भर पडते. शिवाय भाग येईपर्यंत गाडी उभी राहते आणि पर्यटकांचा हंगाम तर थोड्याच महिन्यांचा. बुडालेली कमाई हीदेखील त्या भागाचीच किंमत समजावी लागते.

अशा वेळी कारागीर तीन मार्ग अवलंबितो. पहिला मार्ग प्रमाणित भागांचा. बेअरिंगच्या कड्यावर मापाचा क्रमांक कोरलेला असतो. तो जुळला, की गाडी कोणती हा प्रश्नच उरत नाही. नट-बोल्टांचे मात्र तसे नाही. आरंभीच्या लँड रोव्हरचे आटे ब्रिटिश मापाचे, तर जीपचे अमेरिकी. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बळेच फिरविल्यास आटेच बिघडतात.

दुसरा मार्ग जुन्या बाजाराचा. दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचा मलिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट्टै येथे मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकले जातात. भाव कमी असतो. पण ओतीव भागातील बारीक तडा वरून दिसत नाही.

तिसरा मार्ग घडविण्याचा. बुश किंवा पिन लेथवर सहज तयार होते. गिअरचे मात्र केवळ माप जुळून भागत नाही. त्याच्या दातांचा पृष्ठभाग कठीण व गाभा चिवट हवा. त्यासाठी पोलादावर योग्य उष्णताप्रक्रिया करावी लागते. ती चुकल्यास दात लवकर झिजतात अथवा तुटतात, आणि घाटात असे घडणे जिवावर बेतू शकते.

हे तिन्ही मार्ग खुंटले, की मूळ भागाचा आग्रहच सोडावा लागतो. मानेभंज्यांगच्या कित्येक लँड रोव्हरांत म्हणूनच महिंद्राचे डिझेल इंजिन बसविले गेले. संग्राहकाच्या दृष्टीने अशा गाडीचे मोल घटते, कारण तो तिचे मूळ रूप जपू पाहतो. चालकाच्या दृष्टीने ते वाढते, कारण नव्या इंजिनाचा भाग जवळच्या शहरात मिळतो आणि गाडी पुन्हा संदकफूची चढण चढू लागते.