डोक्याला करंट? आधी समजून घेऊ

‘डोक्याला करंट लावणार’ म्हटलं की पोटात गोळा येतो. पण टीडीसीएस उपचारात भूल नसते, झटका बसत नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून साधारण २० मिनिटं १ ते २ मिलिअँपिअर इतका बारीक करंट सोडतात. थोड्या मुंग्या येतात, खाजतं.

मेंदूच्या पेशी विजेच्या इशाऱ्यांनीच बोलतात. हा करंट त्यांना बोलायला भाग पाडत नाही. सहसा एका स्पंजाखालच्या पेशी जास्त तयार होतात, दुसऱ्याखालच्या शांत. रोज उपचार घेतला की परिणाम काही काळ टिकतो. उदासीच्या आजारात काहींना गुण येतो, सगळ्यांना नाही.

घरी बॅटरी जोडून प्रयोग नको, गोळ्याही मनानं बंद करू नका. आधी सीपीआरच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ वर मोफत बोला.