मिशनचं कॉलेज अन् फीचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की वर्ध्याच्या सेतू केंद्रांत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लागते. नर्सिंगला जाणाऱ्या मुलींच्या घरी त्या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मिशनचं कॉलेज हाय ना, मंग फी कायची?"

फी असते. मिरजेचं वॉन्लेस 1894 पासूनचं, नागपूरचं मूर मेमोरियल स्कॉटिश मिशनचं. अशा दवाखान्यांनी परिचारिका घडवल्या, त्या काळात परदेशातून मदत यायची. त्याच आठवणीवर लोक आजही हिशेब मांडतात. आज अशा संस्थेतही फी भरावीच लागते. ती माफ होते किंवा परत मिळते, ती बहुतेक वेळा सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून.

दुसरी समजूत पहिलीच्या अगदी उलट. "पाद्रीबाबाचं पत्र लागते म्हणते", किंवा हळू आवाजात, "धर्म बदलावा लागते काय?" वेल्लोरच्या सीएमसीसारख्या काही संस्थांत चर्चच्या शिफारशीवर भरल्या जाणाऱ्या जागा असतात, आणि त्यासोबत ठरावीक काळ सेवा करण्याची अट येते. पत्राची गोष्ट तिथून आली असावी. महाडीबीटीच्या अर्जाला असलं पत्र लागत नाही. धर्म बदलण्याचा तर प्रश्नच नाही. राज्यघटनेच्या कलम 28(3) नुसार सरकारमान्य संस्थेत कोणालाही संमतीशिवाय प्रार्थनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवता येत नाही.

उलट धर्मांतराने काय बदलतं, याची माहिती ख्रिस्ती घरांतही कमी असते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरता आहे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात ओबीसीत धरलं जातं. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. म्हणजे आदिवासी मुलगी चर्चमध्ये जाते म्हणून तिची शिष्यवृत्ती जात नाही.

अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचंही असंच आहे. कॉलेज अल्पसंख्याक संस्थेचं आहे म्हणून ती मिळत नाही. विद्यार्थिनी स्वतः मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, जैन अशा समाजातली हवी. सेलूच्या तेली किंवा कुणबी मुलीने तो अर्ज भरण्यात वेळ घालवू नये. तिची योजना वेगळी आहे, आणि सहसा जास्त फायद्याची.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं. "पोरींचं शिक्षण फुकट" एवढंच गावात पोचलं. अटी मागेच राहिल्या. प्रवेश सीईटी कक्षाच्या कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेला प्रवेश चालत नाही. अभिमत विद्यापीठंही या निर्णयातून वगळली आहेत. सावंगी मेघेचं विद्यापीठ अभिमत आहे, तेव्हा जवळचं कॉलेज म्हणून तिथे नाव घालण्याआधी वर्धेकरांनी हे बघून घ्यावं. वसतिगृह आणि मेसचा खर्च माफीत येत नाही.

म्हणून एजंटने "शिष्यवृत्ती करून देतो" म्हटलं, की त्याला एकच विचारावं: जागा कॅपची की कोट्याची? बहुतेक वेळा तिथेच बोलणं आटोपतं. टीसी आणि गुणपत्रिका मूळ प्रतीत त्याच्या हाती तर मुळीच देऊ नयेत.

"सायन्स नव्हतं, आता नर्सिंग संपलं" हेही खरं नाही. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. तीन वर्षांच्या जीएनएमला कला शाखेची मुलगीही चालते, इंग्रजीसह किमान 40 टक्के हवेत.

आता अर्जाचं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, तलाठ्याच्या अहवालावर भागत नाही. ओबीसीला नॉन-क्रिमीलेअर लागतं. आणि अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते बँकेत. पासबुकावर आधार नोंदवलं म्हणजे खातं डीबीटीसाठी जोडलं गेलं, असं नसतं. केवायसी वेगळी, सीडिंग, म्हणजे एनपीसीआयच्या नोंदीत आधारला खातं जोडणं, वेगळं. घरात आईचं, मुलीचं, जुन्या पोस्टाचं अशी खाती असतात, आणि रक्कम मुलीच्या आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. बँकेत जाऊन "एनपीसीआयला कोणतं खातं दिसतं?" असंच विचारावं.

पहिल्या वर्षी रक्कम आली म्हणून पुढची वर्षं आपोआप येत नाही. दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, आणि आधीच्या परीक्षेचा निकाल त्याला जोडावा लागतो.