हलक्या धानाचा भाव

दिवाळीच्या तोंडावर भंडारा जिल्ह्यात हलकं धान खळ्यावर येतं. भारी धान अजून बांधीतच उभं असतं. कापणीची मजुरी, कृषी केंद्राची उधारी, लेकरांचे कपडे, सगळं याच पहिल्या पोत्यांतून भागवायचं असतं. अशा वेळी व्यापारी खळ्यावर येतो, ढिगात हात घालून दोन दाणे काढतो आणि दाताखाली फोडतो. ‘ओलं आहे,’ म्हणतो, आणि भाव खाली येतो.

दाणा किती ओला, हे मोजायचं यंत्र बहुतेक कास्तकारांकडे नसतं. दुसरा व्यापारी आला तरी तोही तेवढाच भाव सांगतो. आपसात ठरवून भाव पाडणं 2002 च्या स्पर्धा कायद्याने बेकायदा ठरवलं आहे, पण दिल्लीतल्या स्पर्धा आयोगाला भंडाऱ्यातल्या लाखांदूरचं खळं दिसणार कसं? अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या उदाहरणावरून दाखवलं की, एका बाजूला जास्त माहिती असली की बाजार बिघडतो. तिथे विकणारा जाणकार होता. इथे घेणारा आहे.

हे दुखणं विदर्भाला नवं नाही. कापसाच्या व्यापारासाठी कारंज्याला 1886 मध्येच नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडात त्यासाठी कायदा आला. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि माल ज्याचा, त्यालाच तो कळायचा नाही. उघडा लिलाव आणि तपासलेला काटा, एवढ्या दोन गोष्टींसाठी कायदा करावा लागला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा 1963 चा.

धानाला त्याहून मोठा आधार हमीभावाचा. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे, ओलाव्याची मर्यादा 17 टक्के. इथे सरकारच ग्राहक होतं. मार्केटिंग फेडरेशनमार्फत आधारभूत केंद्रांवर खरेदी होते, धान गिरण्यांकडे जातं आणि क्विंटलमागे 67 किलो तांदूळ परत यावा लागतो. गिरण्यांनी उचल केली नाही की गोदामं भरतात. गोदाम भरलं, बारदाना संपला, की काटा थांबतो.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते केंद्र उशिरा उघडणं. हमीभाव कागदावर असतो, पण खरेदीची तारीख पुढे गेली की हलकं धान तोवर व्यापाऱ्याच्या काट्यावर चढलेलं असतं. ज्याच्याकडे थांबायला पैसा आहे, त्यालाच तो भाव मिळतो. विकल्यानंतरही चुकारे खात्यावर येईपर्यंत वाट पाहावी लागते.

हमीभावावर राज्य सरकार देतं तो बोनसही योग्य हाती पडतोच असं नाही. क्विंटलमागे दिला जायचा तेव्हा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचं धान घालायला वाव होता. पुढे तो हेक्टरी झाला. 2023-24 मध्ये हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत. त्याच वर्षी गोंदियापलीकडे छत्तीसगडने क्विंटलला 3100 रुपये देऊ केले, एकरी 21 क्विंटलपर्यंत. दाणा तोच, मेहनत तीच. मधली सीमा ओलांडली की भाव बदलतो. ही दरी आपल्या कास्तकाराला कशी पटवून सांगायची?

ऑक्टोबरच्या शेवटी आभाळ भरून आलं की गावात कुणी झोपत नाही. घरातली ताडपत्री खळ्यावर जाते, कडांवर दगड ठेवले जातात. सकाळी ती उचलताना घरची बाई आधी ढिगाच्या तळाशी हात घालते आणि मूठभर दाणे गालाला लावून बघते, गार लागतात का.