घोड्याचें पोट व त्यांतील अदृश्य कामकरी

कोल्हापूर संस्थान १९४९ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, पागा मोडल्या, पुढें टांगेही रस्त्यांवरून गेले. तरी आमच्या जिल्ह्यांतून घोडें नाहींसें झालें असें मात्र नाहीं. शर्यतीच्या हौसेनें, वरातीसाठीं, अथवा दारांत एक उमदें जनावर असावें एवढ्याचसाठीं घोडा बाळगणारे बागाइतदार आजही आहेत. आणि मेंढ्यांमागून धनगरांचीं तट्टें दरसाल आपल्या शिवारांतून जातात. या दोहोंत एक भेद आहे. धनगराचें तट्टू दिवसभर बांधाबांधानें गवत खुडीत असतें. चंदी त्याच्या वांट्यास क्वचितच येते. बागाइतदाराचा घोडा ठाणावर बांधलेला आणि दोन वेळां तोबरा भरून खाणारा असतो. पोटशुळानें लोळणारें जनावर बहुधा या दुसऱ्या वर्गांतलें निघतें. मालक म्हणतो, 'खाण्यांत तर कांहींच कमी केलें नाहीं!' दोष तेथेंच असतो.

बैल व घोडा दोघेही गवतावर जगतात, परंतु गवतांतील तंतु पचविण्याची शक्ति दोघांच्याही स्वतःच्या पाचकरसांत नाहीं. तें काम पोटांत वसति करून राहिलेले असंख्य सूक्ष्म जंतु करितात. पॅरिस येथें ग्रूबी व देलाफों या संशोधकांनीं १८४३ सालींच गुरांच्या व घोड्यांच्या पोटांतील अशा सजीवांचें वर्णन केलें होतें. बैलाची ही वसति लहान आंतड्याच्या आधीं, पहिल्याच मोठ्या कोठ्यांत असते. घोड्याची रचना उलट आहे. जठर लहान, फार तर १५ लिटरांचें. पुढें सुमारें २० मीटर लांबीचें लहान आंतडें. आणि सर्वांच्या शेवटीं अंधांत्र व मोठें आंतडें मिळून शंभर लिटरांहून अधिक मावेल अशी आंबविण्याची जागा. तेथें जंतु तंतूंपासून सौम्य आम्लें तयार करितात व तींच रक्तांत शोषलीं जातात. केवळ वैरणीवर असलेल्या घोड्यास निम्म्याहून अधिक शक्ति याच मार्गानें मिळते.

ज्यांच्या घरीं शेणवायूची टाकी आहे त्यांस पुढील गोष्ट सहज पटेल. टाकींत रोज बेतानें शेण घातलें म्हणजे चूल पेटते. एके दिवशीं पिठाचें पोतें ओतलें तर टाकी आंबते व वायु बंद होतो. घोड्याच्या पोटीं नेमकें हेंच घडतें. दाण्यांतील पिष्ट लहान आंतड्यांत पचावयाचें असतें, पण त्याची कुवत थोडी. एका वेळीं शरीराच्या दर किलो वजनामागें १ ग्रॅम पिष्ट हें निर्धोक, २ ग्रॅम ही शेवटची मर्यादा. ज्वारींत पिष्ट सुमारें दोनतृतीयांश धरलें तर ३५० किलो वजनाच्या घोड्यास एका वेळीं अर्धा किलो, फार तर एक किलो ज्वारी पुरे. मक्याविषयीं अधिक सावध असावें, कारण कच्च्या मक्याचें पिष्ट लहान आंतड्यांत फारच थोडें पचतें.

आतां शर्यतीच्या आदल्या रात्रीं 'जोर यावा' म्हणून कोणी तीन किलो दाणा व वर गूळ चारला असें समजूं. न पचलेलें पिष्ट मागील आंतड्यांत उतरतें. तेथें पिष्टावर जगणारे जंतु झपाट्यानें वाढून दह्यांतलें आम्ल निर्माण करितात. जमीन तपासणाऱ्यांच्या भाषेंत ज्यास सामू म्हणतात, तो साधारणतः साडेसहा ते सातच्या दरम्यान असावयाचा, तो सहाच्या खालीं जातो. तंतु पचविणारे जुने जंतु मरूं लागतात, त्यांच्या शरीरांतील विष मोकळें होतें, व आंतड्याचें अस्तर दुखावल्यानें तें रक्तांत शिरतें. घोड्यास वांति होत नाहीं, म्हणून वरच्या वाटेनेंही सुटका नाहीं. पोट फुगतें, लीद पातळ व आंबूस वासाची होते. एकदोन दिवसांत खुरांचा दाह सुरू होतो: खूर ऊन लागतात, घोडा पुढील पाय पुढें टाकून भार मागें घेतो. खुराच्या आंतील हाड सुटून खालीं बसलें कीं तें जनावर पुन्हां पूर्ववत् धांवण्याची आशा फार थोडी.

म्हणून घोड्यानें धान्याच्या पोत्यांत तोंड घातल्याचें कळतांच, तो अद्याप हसतखेळत असला तरी, पशुवैद्यास बोलवावें. लंगडेपणाची वाट पाहूं नये. तोंवर चंदी बंद करावी व चारी खूर बर्फाच्या पाण्यांत ठेवावे. हें थंडावणें दोनतीन दिवस अखंड चाललें तरच त्याचा उपयोग. बैलास पाजतों तसें बांबूच्या नळीनें तेल मात्र पाजूं नये. तें फुफ्फुसांत जातें. पशुवैद्य नाकावाटे नळी घालतो तें याचसाठीं.

ऊसपट्ट्यांतील वाचकांस वाड्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. उसाचें वाडें व हत्तीगवत यांत ऑक्सॅलिक आम्लाचे क्षार असतात व ते चुन्यास बांधून ठेवितात. बैलाच्या पहिल्या कोठ्यांतील जंतु हे क्षार आधींच बरेचसे फोडून टाकतात, म्हणून संवय झालेला बैल वाडें पचवितो. घोड्याचे जंतु बसले आहेत मागें, आणि चुना शोषला जातो पुढें, लहान आंतड्यांत. सबब महिनोन् महिने केवळ वाड्यावर ठेवलेल्या घोड्याचीं हाडें पोकळ होतात व तोंडाचीं हाडें सुजतात. गोठ्यांत आहे तेंच घोड्यापुढें टाकण्याची रीत सोडावी. कडबा अथवा वाळलें गवत रोज सहा किलोंहून कमी नसावें. आणि आमच्याकडील पावसांत बुरशी धरलेला कडबा कितीही स्वस्त मिळो, घोड्यास घालूं नये.

खाद्य बदलावयाचें तें दहापंधरा दिवसांत थोडें थोडें. तापीकांठच्या सारंगखेड्याच्या यात्रेंतून घोडा घेणाऱ्यानें विकणाऱ्याकडून जुनी वैरण गाडींत भरून आणावी. प्रवासाचा शीण व नवें खाद्य एकदम येऊं नयेत.

औषधांतही असाच विवेक हवा. म्हशीकरितां आणून उरलेलें प्रतिजैविक औषध घोड्यास टोंचणें हा सरळसरळ जुगार आहे. लिंकोमायसिनसारख्या औषधानें चांगले जंतु मरून प्राणघातक हगवण लागते. कोंबड्यांचें खाद्य तर घोड्याजवळ येऊंही देऊं नये. त्यांत मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असूं शकतें, व तें घोड्याच्या हृदयास अत्यल्प प्रमाणांतही विष होय. बाजारांत पोटांतील जंतु सुधारण्याच्या पुड्या मिळतात. त्यांपैकीं यीस्टनें तंतूंचें पचन थोडें सुधारल्याचे प्रयोग आहेत; बाकीच्यांविषयींचा पुरावा तुटपुंजा आहे. तेवढ्या पैशांत चांगला कडबा घ्यावा असें आमचें मत आहे.

घोडी व्याल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत शिंगरू आईची ताजी लीद हुंगून खातांना दिसतें व मोतद्दार त्यास हाकलतात. हाकलूं नये. तंतु पचविणारे जंतु त्याच्या कोऱ्या पोटांत जाण्याचा तो एक स्वाभाविक मार्ग आहे.