कॅरेक्टर कोणाचे, ठरवणार कोण?

लग्ने जुळवणाऱ्या मंडळींच्या तोंडी तीन इंग्रजी शब्द आता पक्के रुळले आहेत. ‘मुलगा नेचरने चांगला आहे, पर्सनॅलिटी आहे, आणि कॅरेक्टरची चौकशी आम्ही केलीय.’ म्हणजे मुलगा तापट नाही, उंचापुरा आहे, आणि पुढचे काय ते तुम्ही समजून घ्या. नेचर आणि पर्सनॅलिटी कांदेपोह्यांच्या बैठकीत दिसून येते. कॅरेक्टरसाठी मात्र शेजारी, ऑफिसातले कोणी, गावाकडचे कोणी गाठावे लागते. माणसाच्या अगदी आतली गोष्ट त्याला वगळून बाकी सगळ्यांना विचारायची, ही या शब्दाची खोड फार जुनी आहे.

शब्द मुळात ग्रीक, आणि टाकसाळीतला. कोरणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो झाला. आधी ठसा मारण्याचे साधन, मग नाण्यावर उमटलेला ठसा. ‘पासवर्ड किमान आठ कॅरेक्टरचा हवा’ अशी संगणकाची सूचना येते, तिच्यात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. (एका एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 कॅरेक्टर मावतात आणि देवनागरीची 70च. मराठी माणूस मोजके बोलतो तो असा नाइलाजाने.) नाण्यावरून हा शब्द माणसाकडे वळला, तो तक्रारीच्या सुरात. इ. स. पू. 431 मध्ये रंगभूमीवर आलेल्या युरिपिडीसच्या ‘मीडिया’ नाटकात नवऱ्याने फसवलेली नायिका मीडिया थेट झ्यूस देवालाच जाब विचारते. खोटे सोने ओळखण्याच्या खुणा दिल्यास, मग खोटा माणूस ओळखता येईल असा ठसा त्याच्या अंगावर का नाही उमटवलास?

ठसा अंगावर नसतो, वागण्यात असतो, हे पुढे ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने दाखवून दिले. त्याच्या चिमुकल्या पुस्तकात तीस प्रकारची माणसे आहेत: खुशमस्कऱ्या, बडबड्या, भित्रा, चिक्कू वगैरे. व्याख्या तो एका ओळीत उरकतो आणि सरळ घरात शिरतो. चिक्कूच्या बायकोच्या हातून तांब्याचे एक फुटकळ नाणे पडते, आणि हा गृहस्थ भांडी, पलंग, पेट्या हलवून सगळे घर उपसायला घेतो. खुशमस्कऱ्या धन्याच्या अंगवस्त्रावरचा धागा अलगद टिपतो आणि म्हणतो, पाहिलेत ना, सगळे तुमच्याकडेच बघताहेत. अंतरंगाबद्दल चकार शब्द नाही, तरी माणूस पुरता कळतो. 1688 मध्ये फ्रान्सच्या ला ब्रुयेरने या पुस्तकाच्या भाषांतराला स्वतःची शब्दचित्रे जोडली. नाटक-कादंबरीतल्या पात्राला आणि आपल्या ओळखीतल्या एखाद्या इरसाल माणसाला कॅरेक्टर म्हणतात, तेही याच घराण्यातले. या दुसऱ्या अर्थाला मराठीत ‘वल्ली’ आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ने, म्हणजे 1962 पासून, तो घरोघरी पोचवला. वल्लीला कोणी दाखला मागत नाही, हे त्या शब्दाचे सुख.

इंग्लंडात मात्र दाखला मागत. घरगडी नोकरी सोडताना मालक त्याच्याबद्दल चिठ्ठी देई, तिलाच ‘कॅरेक्टर’ म्हणत. ती नसली की पुढची चाकरी मिळण्याची मारामार. खोट्या चिठ्ठ्या इतक्या निघत की 1792 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आणि पुढच्याच शतकात, 1871 मध्ये, सॅम्युएल स्माइल्स यांनी ‘कॅरेक्टर’ नावाचे पुस्तक लिहिले. कष्ट, संयम, सचोटी यांनी माणूस स्वतःला घडवतो, असा त्याचा एकूण सूर.

त्याच 1871 मध्ये याच इंग्रजांनी हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात घडणे-बिघडणे असले काही नव्हतेच. अमुक जमातीत जन्मलास, नोंद झाली, आता पोलिसांकडे हजेरी दे. मीडियाने मागितलेला ठसा सरकारने असा मारला. पुढे हा कायदा आपल्या महाराष्ट्रातही पोचला. सोलापूरची या जमातींसाठीची तारांच्या कुंपणातली वसाहत ही त्याचीच देणगी. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण चोरी झाली की आधी त्यांच्याच वस्तीवर जायची पोलिसी सवय काही कायद्याबरोबर गेली नाही.

गंमत अशी की पुढच्याच वर्षी, 1872 मध्ये, त्याच राजवटीने जो पुरावा कायदा आणला, तो या बाबतीत फार समजूतदार होता. मसुदा फिट्झजेम्स स्टीफन यांचा, आणि जमाती कायदा झाला तेव्हाही व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य तेच होते. आरोपी पूर्वी वाईट चालीचा होता, एवढ्यावरून त्याने हा गुन्हा केला असे म्हणता येणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. स्वतःच्या चांगुलपणाचा पुरावा आरोपीने पुढे केला, तरच समोरच्याला वाईट बाजू काढता येई. शिवाय एक स्पष्टीकरण जोडले होते: कॅरेक्टर म्हणजे लौकिक आणि मूळ प्रवृत्ती, दोन्ही. लोक काय म्हणतात आणि माणूस आतून कसा आहे या दोन गोष्टी निराळ्या, आणि शब्द मात्र एकच. एवढा खुलासा कोणी शब्दकोशवालाही इतक्या थोडक्यात करणार नाही. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे सूत्र कायम आहे.

हा समजूतदारपणा आरोपीपुरता होता. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाई ‘सैल चारित्र्याची’ असल्याचे दाखवून तिची साक्ष पाडण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम 155 मध्ये होती. ती 2002 च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे एकशे तीस वर्षे आरोपीचा पूर्वेतिहास झाकलेला आणि बाईचा उघडा.

आपल्या वर्तमानपत्रांतून ते कलम अजून गेलेले नाही. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा छापखान्यात जुळवूनच ठेवलेला असावा, इतक्यांदा तो येतो. संशय खुन्याचा, तरी शब्द येऊन चिकटतो मेलेल्या बाईला. खून करणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल त्या बातमीत कधी ओळ नसते.

सरकारी कागदावर हा शब्द ‘चारित्र्य पडताळणी’ म्हणून भेटतो. नोकरीसाठी पोलीस ती करून देतात, आणि पाहतात काय, तर तुमच्या नावावर गुन्हा आहे का. चारित्र्य कसे आहे हे तिथे कोणी पाहत नाही, पाहू शकतही नाही. त्या मानाने शाळा सोडल्याचा दाखला बरा. त्यावर चारित्र्याचा रकाना नाही, ‘वर्तणुकी’चा आहे. शाळेला जे दिसले तेवढेच लिहायचे. पुढे कारकुनाने बहुतेक वेळा ‘चांगली’ असे लिहिलेले असते.