चुनखडकाची टेकडी आणि मोजणीचा खांब

इंग्लंडच्या वायव्य भागात, मोरकँबच्या आखाताकाठी, आर्नसाइड नॉट नावाची टेकडी आहे. उंची अवघी १५९ मीटर; सह्याद्रीच्या रहिवाशांस ती टेकाडच वाटेल. तथापि भूगोल व भूमिती एकत्र शिकविण्यास तिच्यासारखी जागा विरळा.

वाट आर्नसाइड गावातून निघते व केंट नदीच्या मुखाकाठाने जाते. येथे भरतीचे पाणी इतक्या वेगाने चढते की भोंगा वाजवून लोकांस सावध करावे लागते. पुढे आर्नसाइड टॉवर या जुन्या तटबंद घराच्या भग्नावशेषांजवळून चढण लागते. माथा गाठून दुसऱ्या बाजूने पुन्हा गावात उतरावयाचे.

पायाखालचा करडा खडक तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साचला. पावसाचे पाणी त्यास हळूहळू विरघळविते, भेगा रुंदावतात, व पाणी पृष्ठावरून न वाहता आत जिरते. आपला काळा पाषाण लाव्ह्याचा. तो असा विरघळत नाही. चुनखडीच्या पुडीवर लिंबू पिळल्यास बुडबुडे येतात, हे मुलांस वर्गातच दाखविता येईल.

माथ्यावर छातीइतका उंच, वर निमुळता होत गेलेला मोजणीचा खांब आहे. ब्रिटनच्या फेरमोजणीसाठी १९३६ पासून असे सुमारे साडेसहा हजार खांब उभारले गेले; ते काम १९६२ मध्ये संपले. खांबावर कोनमापक यंत्र ठेवून दूरच्या दोन खांबांमधील कोन मोजीत. त्रिकोणाची एक बाजू व कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. आता हे कार्य उपग्रहांकडे गेले आहे. भारतात याच रीतीची महामोजणी १८०२ मध्ये मद्रासेस आरंभिणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच निवर्तले.

मोजणीदार तिसरा कोनही मोजीत, तो का? दोन कोनांवरून तो काढता आला असता; परंतु तिन्ही मोजल्यावर बेरीज १८० अंश न भरल्यास चूक उघडी पडते. वर्तुळाकार फेरीचेही तेच. निघालो तेथेच परत आल्यावाचून नकाशा जुळला की नाही हे कळत नाही.

शिक्षकबंधुभगिनींनी शाळेभोवती चार खुंट्या ठोकवाव्या. एकीपासून दुसरीपर्यंत पावले मोजून व होकायंत्राने दिशा पाहून मुलांनी कागदावर रेषा काढीत जावे. शेवटची रेषा पहिल्या बिंदूस बहुधा मिळणार नाही. मुले तो फरक चटकन खोडून रेषा जुळवून टाकतात, आणि आपणही तिकडे काणाडोळा करतो. तसे होऊ देऊ नये. फरक किती पावलांचा, तो नकाशावरच लिहावयास लावावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुंट्या उलट क्रमाने मोजाव्या. होकायंत्र नसेल तर सरळ रोवलेल्या काठीची दिवसातील सर्वांत आखूड सावली पाहावी. ती उत्तर-दक्षिण रेषा दाखविते.